साथीच्या दिवसांत शिरूर-दौंडहून निघताना

साथ आली की पहिला सल्ला येतो, ‘घरीच थांबा’. सल्ला खराच आहे, पण शिरूर-दौंडकडच्या माणसाला तो पुरत नाही. दौंडहून सकाळच्या गाडीनं पुण्याला कामाला जाणारा, रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट धरणारा, डायलिसिसची पाळी चुकवू न शकणारा, नदीपलीकडे शेत असलेला, यांतला कोण किती दिवस घरी बसेल? मार्च 2020 मध्ये सारा देश बंद झाला, तेव्हाही दूध, भाजीपाला, औषधं आणि त्यांच्यामागं माणसं हलतच होती. म्हणून कोणता प्रवास टाळायचा, कोणता पुढं ढकलायचा आणि जो टळतच नाही तो कसा करायचा, हे घरात आधी ठरलेलं बरं.

त्यासाठी एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. श्वासातून पसरणाऱ्या साथीत धोका किलोमीटरवर ठरत नाही. किती माणसांत, किती बंद जागेत, किती वेळ एकमेकांची हवा घेतली, यावर ठरतो. शिरूरहून पुणं साधारण 70 किलोमीटर. तेवढं अंतर मोटारसायकलवर एकट्यानं कापणाऱ्यापेक्षा न्हावऱ्याहून शिरूरला काचा लावलेल्या जीपमध्ये दहा-बारा जणांत दाटीवाटीनं येणाऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका हिशेबावर उभं आहे.

आधी विचारा, ही साथ पसरते कशी?

प्रत्येक साथीला मास्क हे उत्तर नसतं. पुणे जिल्ह्यानं गेल्या काही वर्षांत तऱ्हेतऱ्हेच्या साथी पाहिल्या. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यातच सापडले; ते दांपत्य दुबईहून आलं होतं. हे दोन्ही आजार श्वासावाटे पसरणारे. 2024 मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले. तो डासांमुळे पसरतो आणि गर्भवतींना त्याचा धोका जास्त. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. तिकडं नातेवाइकांकडं जाणाऱ्यानं मास्क लावून काही साधलं नसतं. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत नेणं आणि उघड्यावरचं खाणं टाळणं हाच त्यावरचा उपाय होता.

तेव्हा साथीची बातमी आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना पहिला प्रश्न हाच विचारा: हवेतून, पाण्यातून, की डासांतून? व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश बाजूला ठेवा. या लेखातला पुढचा भाग हवेतून पसरणाऱ्या साथीचा आहे, कारण प्रवासाशी तिचंच नातं सगळ्यात जवळचं. 1918 चा इन्फ्लुएंझा जहाजांतून मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. दौंडसारख्या जंक्शनच्या गावानं हे विसरून चालणार नाही. सोलापूर, मनमाड, बारामती आणि पुणे अशा चारी दिशांची माणसं इथल्या फलाटावर एकमेकांना भेटतात.

कोणता प्रवास करायचा?

घरातल्या सगळ्यांच्या पुढच्या पंधरा दिवसांच्या फेऱ्या कागदावर लिहा आणि त्यांचे तीन भाग करा.

पहिला भाग टाळता न येणाऱ्या फेऱ्यांचा: डायलिसिस, केमोथेरपी, बाळंतपण, लहान मुलांचं लसीकरण, रोजगार. साथीच्या भीतीनं या फेऱ्या चुकवणं साथीइतकंच महागात पडतं. दुसरा भाग पुढं ढकलता येणाऱ्या फेऱ्यांचा: चष्म्याचा नंबर, सातबाऱ्याचं काम, बँकेतली नोंद, पाहुण्यांची विचारपूस. यातलं बरंचसं आता फोनवर होतं. तिसरा भाग बिनगरजेच्या फेऱ्यांचा. सुट्टी आहे म्हणून रांजणगावच्या महागणपतीला किंवा मोराच्या चिंचोलीला गाडी भरून जाणं या भागात येतं. देव कुठं जात नाही आणि मोरही.

एक नियम मात्र तिन्ही भागांना लागू: ताप, खोकला, घसादुखी, अंग मोडून येणं किंवा जुलाब असतील, तर अंगावर काढून प्रवास करायचा नाही. तापाची गोळी घेऊन शिफ्टला जाणं ही आपल्याकडची जुनी सवय. गोळीनं ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही, आणि कंपनीच्या बसमधल्या तीस-चाळीस जणांपर्यंत तो पोचतो. खाडा पडला तर पगार कापला जाईल, या भीतीपोटी कंत्राटी कामगार हे करतो, हेही खरं आहे. म्हणून ज्यांच्या पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे कापले जातात त्यांनी लक्षात ठेवावं: ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. आपलं ईएसआय कार्ड चालू आहे का, हे साथ येण्याआधी तपासून ठेवा.

वाहन कोणतं, आणि त्यात बसायचं कुठं?

मोटारसायकल. हवेच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित; अपघाताच्या दृष्टीनं नाही. नगर रस्त्यावर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोलीची कोंडी आणि दौंडकडून सोलापूर महामार्गावरची अवजड वाहनं ध्यानात घ्या. एसटी बंद आहे म्हणून लेकरासह चौघांनी एका गाडीवर बसणं म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात जाणं. मागं घरातलंच माणूस बसवा. हेल्मेटच्या काचेला मास्क समजू नका.

स्वतःची किंवा भाड्याची चारचाकी. चालक परका असेल तर त्याच्या शेजारी बसू नका; मागच्या डाव्या कोपऱ्यात बसा. काचा थोड्या उघड्या ठेवा, निदान दोन, आणि त्या तिरप्या बाजूंच्या, म्हणजे हवा आरपार वाहते. उन्हाळ्यात एसी लावावाच लागला, तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. वाघोलीच्या कोंडीत गाडी तासभर उभी राहते. धुरामुळं काचा बंद कराव्या लागल्या, तर सगळ्यांनी मास्क वर घ्यायचा.

लालपरी. सरकत्या काचांची साधी एसटी ही साथीच्या दिवसांत वातानुकूलित गाडीपेक्षा बरी. अडचण येते ती पावसाळ्यात. शिंतोडे येतात म्हणून एकेक काच सरकते आणि शिरूर सुटून रांजणगाव येईपर्यंत सगळी गाडी बंद होते, काचांवर आतून वाफ धरते. ती वाफ म्हणजे सगळ्यांच्या श्वासाचा हिशेब. आपल्या खिडकीची काच चार बोटं उघडी ठेवा, भिजली तर बाही भिजेल. शक्यतो गर्दीची वेळ सोडून निघा. एक गाडी भरली असेल तर दुसरीची वाट मोकळ्या फलाटावर पाहा; स्टँडवर उघड्यावर घालवलेला अर्धा तास भरल्या गाडीत उभं राहण्यापेक्षा चांगला.

रेल्वे. दौंड-पुणे गाडीच्या पासधारकांचे गट वर्षानुवर्षं ठरलेले असतात. पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत डबा भरत जातो. एका कोपऱ्यात पत्त्यांचा डाव, एका बाकावर डबा उघडलेला. साथीत या प्रेमळ सवयीच धोक्याच्या ठरतात. मोठ्यानं बोलताना, गाताना तोंडातून जास्त कण बाहेर पडतात आणि डबा खायला बसलं की सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात. खायचं ते घरून खाऊन निघा. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या डब्यात खिडकीशी बसा, पण दारात लोंबकळू नका. मळलेली तंबाखू हातावरून हातावर देणं पूर्ण थांबवा, आणि ती थुंकणंही.

आणि एक गोष्ट जिवाची. प्रवासी गाड्या बंद झाल्या तरी रूळ बंद होत नाहीत. मालगाड्या धावतच असतात. 8 मे 2020 रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ पायी गावी निघालेले 16 मजूर रुळावर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. दौंडच्या आसपास रुळाकडेनं चालत जाण्याची अनेकांना सवय आहे. ती साथीत तर मोडायलाच हवी.

जीप, टमटम. आडगावांना दुसरं साधन नाही, हे मान्य. पण याच गाड्यांत सर्वांत जास्त माणसं सर्वांत कमी हवेत बसतात. पाच-सहा घरांनी मिळून एक गाडी ठरवली, ठरावीक वार ठरवला, तर अनोळखी माणसांची मिसळ टळते. ताडपत्री गुंडाळून ठेवायला सांगा. तोंडं समोरासमोर येतील अशा बाकांवर मास्क सोडून बोलू नका.

कंपनीची बस. रोज त्याच जागेवर, त्याच माणसाशेजारी बसा. कुणी आजारी पडलं तर कुणाला सावध करायचं हे लगेच कळतं. एसी बंद ठेवून खिडक्या उघडण्याचा आग्रह कामगारांनी एकत्र धरला, तर तो मान्य होणं सोपं जातं.

घोडनदी आणि भीमा ओलांडताना

शिरूर-दौंडची खरी अडचण नकाशात आहे. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. दौंडला भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो आणि जिल्हा बदलतो. एरवी या हद्दीचं कुणाला काही वाटत नाही. काष्टीचा बाजार, पलीकडचं शेत, अलीकडचा दवाखाना, लेकीचं सासर, सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं. 2020 मध्ये जिल्हाबंदी झाली आणि पूल म्हणजे सरहद्द झाली. जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास लागू लागला. एसटीला 20 ऑगस्ट 2020 पासून जिल्ह्याबाहेर मुभा मिळाली, खासगी वाहनांची ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला उठली. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत ई-पास पुन्हा आला, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून बसनं येणाऱ्यांच्या हातावर 14 दिवसांच्या गृहविलगीकरणाचे शिक्के मारायचा आदेश निघाला.

यावरून पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी करून ठेवता येतात.

निघण्याआधी दोन्ही जिल्ह्यांचे आदेश पाहा. साथीत आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकारी आदेश काढतात, आणि पुण्याचा आदेश पलीकडं चालेलच असं नाही. आदेशाची तारीखही बघा. गेल्या वेळी तो पंधरवड्याला बदलत होता.

पलीकडं शेत असेल तर सातबारा, दूध घालत असाल तर डेअरीचं ओळखपत्र किंवा पावती, रुग्ण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचा कागद, कामगार असाल तर कंपनीचं पत्र असू द्या. आधार कार्डासह या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स खिशात. नाक्यावर मोबाइलची बॅटरी संपलेली असते, असा सर्वांचाच अनुभव.

पास सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तिथं दलालाची गरज नसते. खोटा पास पकडला गेला तर गुन्हा तुमच्यावर.

नाका चुकवून नदीपात्रातून किंवा आडवाटेनं जाऊ नका. भीमेला वरच्या धरणांतून कधी पाणी सुटेल ते आडवाटेला कळत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आपसांत जायचं असेल, तर न्हावरे-पारगाव-केडगाव-चौफुला हा रस्ता जिल्ह्याच्या आतून जातो. काष्टीवरून जाणारी वाट हद्द ओलांडते. जिल्हाबंदीत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

दवाखान्याचा प्रवास

थेट पुण्याला धावण्याआधी जवळ विचारा. दौंडला उपजिल्हा रुग्णालय, शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून चिठ्ठी घेऊन पुढं गेलात तर पुढच्या दवाखान्यात खाटेची शक्यता आधी फोनवर विचारता येते. 2021 च्या एप्रिलमध्ये खाट शोधत एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात अनेकांचे मोलाचे तास गेले. तातडीच्या रुग्णासाठी 108, गर्भवती आणि नवजात बाळासाठी 102, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 हे क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

रुग्णासोबत एकच माणूस जाऊ द्या, आणि ते साठीच्या आतलं, धडधाकट असू द्या. जमलेल्या भावकीनं भरलेली गाडी रुग्णाला धीर देते खरी, पण परतताना आजार घेऊन येते. रुग्णाला श्वासाचा त्रास नसेल तर त्यालाही मास्क लावा. काचा उघड्या ठेवा. डायलिसिसचे रुग्ण एका गावातले दोघं-तिघं असतील, तर त्यांनी एकच गाडी आणि एकच चालक ठरवावा आणि तो बदलू नये.

लग्न, दशक्रिया आणि वारी

दहाव्याला नदीकाठी शेकडो माणसं जमतात, प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. न गेलं तर माणूस कायमचं लक्षात ठेवतो, म्हणून साथीतही पाय ओढले जातात. 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारनं लग्नाला 25 आणि अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा घातली होती. सरकारचा आकडा येण्याची वाट न पाहता घरच्यांनीच निरोप द्यावा: ‘घरातलेच करतो आहोत, तुम्ही फोन करा.’ हा निरोप शोकात असलेल्या घरानं दिला, तर बाकीच्यांचा संकोच जातो. जावंच लागलं तर मोकळ्या जागी कडेला उभे राहा, जेवणाच्या पंगतीला न बसता निघा. पंगतीत मास्क नसतो, खांद्याला खांदा असतो आणि वेळही जातो. मघाच्या हिशेबातली गर्दी आणि वेळ इथं एकत्र येतात.

ज्यांना हे मनाला लागतं त्यांनी वारीकडं पाहावं. तुकोबांची पालखी यवत, वरवंड या दौंड तालुक्यातल्या गावांतून जाते. यवतचं पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध. 2020 आणि 2021 ही दोन वर्षं पायी सोहळा झाला नाही; पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली. शेकडो वर्षांची परंपरा दोन वर्षं थांबून पुन्हा चालू लागते, तर एखाद्या लग्नाची वरातही थांबू शकते.

गावी पोचल्यावर

मार्च-एप्रिल 2020 मध्ये अनेक गावांनी बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडवले. मुंबई-पुण्याहून आलेली आपलीच माणसं वेशीवर उभी राहिली. काट्यांनी साथ अडत नाही, रुग्णवाहिका मात्र अडते. यापेक्षा सोपा मार्ग आपल्या मळ्यांत आहे. वस्तीवरच्या घराशेजारी एखादी सुटी खोली, पडवी, विहिरीवरचं शेड असतंच. बाहेरून आलेल्यानं तिथं निदान पाच दिवस वेगळं राहावं. आजाराचा काळ लांब असेल तर आरोग्य विभाग सांगेल तितके. कोविडमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागत, बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसत. ताट-तांब्या वेगळा, म्हाताऱ्यांशी बोलणं अंगणातून, आणि आशाताईंकडं नोंद.

कामावरून परतणाऱ्यालाही हेच लागू. 2020 मध्ये मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या जवानांना लागण झाल्याचं आढळलं होतं. त्यांचा प्रवास कर्तव्याचा होता. अशा माणसाच्या घराला नावं ठेवू नका. नावं ठेवली की पुढचा माणूस लक्षणं लपवतो, आणि त्याचा त्रास गावालाच होतो.

घरी ऑक्सिमीटर ठेवा. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. शांत बसून आकडा 94 च्या खाली गेला, किंवा बोलताना धाप लागू लागली, छातीत दुखलं, माणूस गोंधळल्यासारखं करू लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

पिशवी आणि घरातली बोलणी

प्रवासाच्या पिशवीत एवढं असावं: चांगले बसणारे दोन एन-95 मास्क, तेही झडपेशिवायचे, कारण झडपेतून आपला श्वास तसाच बाहेर जातो, साबणाची वडी, 60 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर (विडी-काडीपासून दूर), पाण्याची बाटली, घरचा डबा, आठवड्याची औषधं, कागदांची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे. मास्क नाकावर दाबून बसवा. दमट, मळका किंवा सैल झाला की बदला. हनुवटीखाली लटकवलेला मास्क फक्त नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायला उपयोगी.

पिशवीपेक्षा महत्त्वाची आहे ती बोलणी. बाहेरची कामं घरातला एकच धडधाकट माणूस करील का? त्यानं आजीच्या खोलीत झोपायचं की ओट्यावर? रात्री कुणाला त्रास झाला तर गाडी कुणाची आणि चालवणार कोण? साठीच्या पुढच्यांचे आणि मधुमेह, दम्याच्या रुग्णांचे डॉक्टरांनी सांगितलेले लसीचे डोस झालेत का? पलीकडच्या काठावरच्या शेताचं पाणी जिल्हाबंदीत कोण धरील? हे प्रश्न साथ नसताना, जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांत सुटतात. पूल बंद झाल्यावर त्यांनाच पंधरा दिवस लागतात. या रविवारी घरातले सगळे असतील तेव्हा बसा, उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.